वस्तीच्या राखणदारालाही खरारा हवा



ताकारी आणि टेंभू योजनांमुळे कृष्णेचे पाणी कडेगाव तालुक्यात फिरले आणि ज्या माळावर कुसळाखेरीज फारसे काही उगवत नव्हते तिथे ऊस उभा राहिला. उसाबरोबर माणसेही गावठाण सोडून शेतात राहायला गेली. वांगी, देवराष्ट्रे, नेवरी, कडेपूर, कोणत्याही गावच्या शिवारातून संध्याकाळी जा. चार शेते ओलांडली की एक वस्ती, वस्तीला गोठा आणि गोठ्यापुढे एक कुत्रा. रात्री पाण्याची पाळी आली की बॅटरी घेऊन निघालेल्या माणसाच्या पुढे तोच चालतो. मोटरीची केबल कापायला आलेला चोर, सरीतला साप, गोठ्याभोवती फिरणारे जनावर यांची पहिली वर्दी तोच देतो.

एवढे काम करणाऱ्या या गड्याची निगा मात्र कुणी फारशी करीत नाही. बैलाला खरारा होतो, म्हैस धुतली जाते, भादरली जाते. कुत्र्याचा विषय निघाला की, "त्याला काय हुतंय, ते आपलं आपण जगतंय," असे म्हणून आपण मोकळे होतो. मग एक दिवस त्याचे केस झडू लागतात, अंगावर गोचिडांचे घोस दिसतात, आणि कुणीतरी सांगितले म्हणून शेतातले औषध किंवा ट्रॅक्टरचे जळके ऑईल त्याच्या अंगाला फासले जाते. चांगली चांगली कुत्री अशा उपायांनी दगावतात.

कुत्र्याचा केस ही नुसती शोभा नाही. ऊन, थंडी, काटा आणि माशी यांपासून त्याला वाचवणारे ते पांघरूण आहे, आणि आतला बराचसा आजार आधी त्याच पांघरुणावर दिसतो. म्हणून आपल्या कुत्र्याचा केस कोणत्या जातीचा आहे हे ओळखून त्याप्रमाणे निगा ठेवावी आणि रोज पाच मिनिटे त्याच्या अंगावरून हात फिरवावा. यात खर्च फारसा नाही, सवयीचाच प्रश्न आहे.

केस ओळखा, मग कंगवा उचला

आपल्याकडे बहुतेक वस्त्यांवर गावठी कुत्रा असतो. त्याचा केस आखूड, दाट आणि अंगाला चिकटून असतो. आपल्या हवेला तो शेकडो वर्षे मुरलेला आहे, त्यामुळे त्याची निगा सर्वांत सोपी. आठवड्यातून एकदा कडक ब्रशने किंवा काथ्याच्या कुंच्याने केसाच्या दिशेने खरारा करावा. मेलेला केस निघून जातो, धूळ झडते आणि कातडीतले नैसर्गिक तेल सगळ्या अंगावर पसरते. त्या तेलामुळेच निरोगी कुत्र्याचा केस चमकतो.

दुसरा प्रकार कारवानी किंवा मुधोळ कुत्र्याचा. उंच पाय, बारीक कंबर आणि लांब तोंडाचा हा कुत्रा आपल्या दक्षिण महाराष्ट्राला चांगला परिचयाचा आहे. मुधोळ हे पूर्वीचे घोरपडे संस्थान, आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. या जातीवर भारतीय टपाल खात्याने 2005 मध्ये तिकीट काढले आणि मुधोळजवळ तिम्मापूर येथे तिच्यासाठी संशोधन केंद्रही आहे. या कुत्र्याचा केस अगदी आखूड, कातडी पातळ आणि अंगात चरबी थोडी. त्यामुळे त्याला टोकदार ब्रश लावू नये. खरबरीत ओल्या फडक्याने अंग पुसले तरी पुरते. उसाच्या पानाची धार त्याच्या कातडीला लवकर चिरते. कठीण जमिनीवर बसून त्याच्या कोपरांना आणि मांड्यांना घट्टे पडतात, पुढे तिथे जखमा होतात. त्याच्या खाली गोणपाटाची घडी टाकावी आणि पौष-माघाच्या थंडीत त्याला उघड्यावर ठेवू नये. यातच लांब, रेशमी केसांचा जो प्रकार आहे त्याला पश्मी म्हणतात. त्याच्या कानांचे, पायांमागचे आणि शेपटीचे केस दोन दिवसांआड विंचरावे लागतात.

तिसरा प्रकार दुहेरी केसांचा. आपण ज्याला अल्सेशियन म्हणतो तो जर्मन शेफर्ड, तसेच लॅब्राडोर आणि पॉमेरेनियन हे यात येतात. यांना वर लांब, राठ केस आणि खाली कापसासारखी मऊ लव असते. जर्मन शेफर्ड ही जात 1899 पासून जर्मनीत मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून घडवली गेली. म्हणजे मुळात तोही एका थंड मुलखातल्या धनगराचा कुत्रा. या कुत्र्यांची लव वर्षातून साधारण दोनदा मोठ्या प्रमाणात गळते. त्या दिवसांत रोज, एरवी आठवड्यातून दोन-तीनदा विंचरावे. वरवर कंगवा फिरवून उपयोग नाही. एका हाताने केस उलटे धरावेत, कातडी दिसेपर्यंत भांग पाडावा आणि थराथराने खालपर्यंत विंचरावे. खाली गुंतलेली लव तशीच राहिली तर तिथे ओल धरते, कातडी नासते आणि वास मारू लागतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उन्हाळा आला की, "म्हैस भादरतो तसं याला बी भादरूया, गार वाटंल," असे पुष्कळांना वाटते. धनगर मेंढ्यांची लोकर कातरतात, मग कुत्र्याची का नको, असेही विचारले जाते. मेंढीची लोकर सारखी वाढत राहते, म्हणून ती उतरवावीच लागते. दुहेरी केसांच्या कुत्र्याचे तसे नाही. त्याच्या दोन थरांमध्ये हवा कोंडलेली असते आणि ती थंडी जशी अडवते तसे ऊनही अडवते. शिवाय कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून गार होतो. घाम येतो तो पावलांच्या गाद्यांना. केस उतरवल्याने त्याला गारवा मिळत नाही, उलट कातडी उन्हाने भाजते आणि पुन्हा येणारा केस कधी कधी ठिपक्या-ठिपक्यांनी, विरळ येतो. तेव्हा हे केस विंचरून लव काढावी, वस्तरा लावू नये. जखम किंवा कातडीचा रोग असेल तर डॉक्टर सांगतील तेवढाच भाग भादरावा.

चौथा प्रकार सारख्या वाढणाऱ्या केसांचा. पूडल, ल्हासा, शिह त्झू अशी छोटी कुत्री आता कडेगाव, विट्याच्या घरांतूनही दिसतात. यांचा केस मेंढीसारखा वाढतच राहतो. रोज विंचरणे आणि दीड-दोन महिन्यांनी कातरणे यांना चुकत नाही. डोळ्यांवर येणारे केस आणि शेपटीखालचे केस आखूड ठेवावेत. केसांच्या जटा झाल्या तर ओढू नयेत. जटा आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा सरकवावा आणि कंगव्याच्या वरून कात्री चालवावी, म्हणजे कातडी कापली जात नाही. ज्याला हे रोज करायला सवड नाही त्याने शेतातल्या वस्तीवर अशी जात आणू नये, हे बरे.

अंघोळ किती आणि कशाने

खूप अंघोळ घातली म्हणजे कुत्रा स्वच्छ राहतो असे नाही. आखूड केसांच्या कुत्र्याला महिना-दोन महिन्यांतून एकदा, लांब केसांच्या कुत्र्याला महिन्यातून एकदा अंघोळ पुरे. चिखलात लोळला तर गोष्ट वेगळी. अंघोळीआधी विंचरावे, कारण ओल्या गाठी अधिक घट्ट होतात. दुपारी ऊन असताना कोमट पाणी घ्यावे आणि कानांत पाणी जाऊ देऊ नये. कपड्याचा साबण किंवा धुण्याची पावडर कधीही वापरू नये. कातडीचे तेल निघून ती कोरडी पडते आणि कुत्रा खाजवू लागतो. माणसाच्या कातडीपेक्षा कुत्र्याची कातडी कमी आम्लधर्मी असते, म्हणून आपला शाम्पूही त्याला मानवत नाही. कुत्र्यांसाठीचा साधा शाम्पू तालुक्याच्या औषधाच्या दुकानात मिळतो. शेवटी साबणाचा अंशही राहू न देता धुवावे आणि कोरड्या फडक्याने मुळापर्यंत पुसावे.

गोचीड नुसती काढून भागत नाही

कुत्र्याची तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगली की खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, दगडाखाली हजारांच्या घरात अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्ले पुन्हा कुत्र्यावर चढतात. म्हणून आज अंग साफ केले तरी पंधरा दिवसांत गोचिडी परत दिसतात, आणि आपण औषधाला नावे ठेवतो. खरे म्हणजे कुत्र्याबरोबर त्याची बसण्याची जागाही साफ व्हायला हवी. फटी लिंपाव्यात, गोणपाट उकळत्या पाण्यात टाकून उन्हात वाळवावे, गोठ्याच्या कोपऱ्यातला कचरा जाळावा.

रोज हात फिरवताना कानांच्या पाळीत आणि आत, मानेच्या पट्ट्याखाली, बगलेत, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यात पाहावे. गोचीड चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढावी, पिळू नये. नखाने चिरडू नये. साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकावी. गोचिडीपासून कुत्र्याला रक्ताचे आजार होतात. ताप, खाणे सोडणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, नाकातून रक्त येणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. वेळेवर गेले तर हे आजार बहुधा औषधाने बरे होतात.

शेतातले औषध कुत्र्याच्या अंगाला नको

ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. उसाच्या हुमणीसाठी वर्षानुवर्षे वापरले गेलेले थिमेट, म्हणजे फोरेट, हे इतके जहाल होते की सरकारने 31 डिसेंबर 2020 पासून त्यावर बंदी घातली. बीएचसी पावडर तर 1997 पासूनच बंद आहे. तरीही जुन्या डब्यांत राहिलेली पावडर "जरा चोळली तर काय हुतंय" म्हणून कुत्र्याला लावणारे आहेत. आजही वापरात असलेले क्लोरपायरीफॉस किंवा दुसरे कोणतेही फवारणीचे औषध कातडीतून आत जाते. आणि कुत्रा अंग चाटतो, त्यामुळे ते तोंडातूनही पोटात जाते. तोंडाला लाळ सुटणे, अंग थरथरणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, झटके येणे ही विषबाधेची खूण आहे. असे झाल्यास हातात पिशव्या घालून कुत्रा साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावा, औषधाचा डबा बरोबर घ्यावा आणि डॉक्टर गाठावा. डब्यावरचे नाव कळले तर उतारा लवकर देता येतो.

जळके ऑईल, रॉकेल, फिनेल हेही औषध नव्हे. लूत म्हणजे कातडीत शिरलेले सूक्ष्म किडे. ऑईलने कातडी जळते आणि ते चाटून कुत्र्याचे पोट बिघडते. कीड मात्र पुरती जात नाही. जनावरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने टोचू नये. काही जातींच्या कुत्र्यांच्या मेंदूवर त्याचा घातक परिणाम होतो. आणखी एक लक्षात ठेवावे. कुत्र्याच्या गोचिडीची काही औषधे घरातल्या मांजराचा जीव घेतात. लेबल वाचून, वजन सांगून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच औषध घ्यावे.

उसाच्या हंगामाप्रमाणे निगा

आडसाली लावणीच्या दिवसांत, पावसाळ्यात, कुत्रा सारखा भिजतो. दुहेरी केसांच्या कुत्र्याची लव दिवस-दिवस ओली राहते. रोज पुसावे, बोटांच्या बेचक्यातला चिखल काढावा, कानांत काळी घाण किंवा वास येतो का पाहावे. कानात काडी घालू नये.

पावसाळा सरला की माळावरचे गवत वाळते आणि कुसळ सुटते. सागरेश्वरच्या डोंगराकडून फिरून आलेल्या कुत्र्याच्या अंगावर कुसळ, आघाडा आणि गोखरू हमखास सापडतात. आघाडा केसाला धरून राहतो, पण कुसळ आत शिरते. त्याच्या टोकाची ठेवणच अशी की ते पुढेच सरकते, मागे येत नाही. पायाच्या बेचक्यात सूज आली, कुत्रा एकसारखे डोके झटकू लागला, तर कुसळाचा संशय घ्यावा.

गळीत हंगामात पाचटाच्या कडा आणि तोडलेल्या उसाची टोकदार बुडखी पायाला लागतात. रात्री घरी आल्यावर पावले पाहून मिठाच्या कोमट पाण्याने धुवावीत. उसाच्या फडाकडेला कुत्रा रात्री साखळीने उघड्यावर बांधू नये. बांधलेला कुत्रा हे बिबट्याचे सोपे भक्ष्य आहे. रात्री जाळीच्या खोपटात ठेवला तरी तो भुंकून राखण करतोच.

उन्हाळ्यात पत्र्याखाली बांधू नये. झाडाची सावली आणि पाण्याचे भांडे जवळ असावे. कुत्र्याचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. खूप धाप, गळणारी घट्ट लाळ, झोकांड्या जाणे हे उष्माघाताचे लक्षण. लगेच सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावे आणि वारा घालावा.

नखे आणि खाणे

शेतात हिंडणाऱ्या कुत्र्याची नखे आपोआप झिजतात. फरशीवर टकटक वाजू लागली तर वाढली असे समजावे. पुढच्या पायाचे आतल्या बाजूचे नख जमिनीला टेकत नाही, म्हणून ते झिजत नाही. काही कुत्र्यांना मागच्या पायांनाही असे नख असते. त्यांना वीसनखी म्हणून आपल्याकडे कौतुक होते. पण हीच नखे वळून मांसात रुततात. ती दर महिन्याला पाहावीत.

नुसत्या भाकरी-ताकावर ठेवलेल्या कुत्र्याचा केस राठ आणि निस्तेज होतो, कारण केस हा प्रथिनांचाच बनतो. उकडलेले अंडे, शिजवलेली डाळ, थोडे मांस अधूनमधून द्यावे. कांदा-लसूण घातलेले उरलेले कालवण देऊ नये. आणि आपला जिल्हा द्राक्षांचा आहे म्हणून मुद्दाम सांगायचे: द्राक्षे आणि बेदाणा कुत्र्याला विषारी ठरू शकतात. काही कुत्र्यांची मूत्रपिंडे त्याने निकामी होतात. बेदाण्याच्या शेडवर राखणीला कुत्रा असेल तर खाली सांडलेला माल त्याच्या तोंडी जाऊ देऊ नये. शिजवलेल्या कोंबडीची हाडे फुटून घशात, आतड्यात रुततात, तीही टाळावीत.

कुत्र्याच्या केसातून माणसाच्या घरात

कुत्र्याची निगा ही घरातल्या पोराबाळांचीही निगा आहे. खरूज आणि गजकर्ण कुत्र्यापासून माणसाला होऊ शकतात. जत्रेत बकरे कापले की आतडी-काळीज कुत्र्यापुढे टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडली पाहिजे. काळजात आणि फुप्फुसात पाण्याच्या गाठी असतील तर त्यातून कुत्र्याच्या पोटात एक बारीक फीतकृमी वाढतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून त्याच्या केसांना चिकटतात. पोर कुत्र्याला कुरवाळते, तोच हात तोंडात घालते, आणि काही वर्षांनी त्याच्या काळजात तशीच गाठ सापडते. म्हणून मोठ्या कुत्र्याला तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे, पिल्लांना डॉक्टर सांगतील तसे अधिक वेळा. कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

आणि शेवटी पिसाळणे. हा रोग एकदा अंगात उमटला की त्यावर खात्रीचा उपाय नाही, पण लसीने तो पूर्ण टाळता येतो. 1885 मध्ये फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी चावलेल्या मुलाला पहिली लस दिली. आपल्याकडच्या जुन्या माणसांना पोटात घ्यायची चौदा इंजेक्शने आठवत असतील. ती जुनी लस भारतात 2004 मध्ये बंद झाली. आता दंडात थोडीच इंजेक्शने घ्यावी लागतात. कुत्रा चावला किंवा ओरबाडला तर हळद, चुना, मिरची काही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि तसेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. दिलेल्या तारखांची सगळी इंजेक्शने पुरी करावीत. जखमेतून रक्त आले असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे, कारण अशा वेळी जखमेत वेगळे औषधही द्यावे लागते.

कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी आणि पुढे दरवर्षी एक. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. अडचणीच्या वेळी 1962 या क्रमांकावर फोन करावा. गळीत हंगामात बीडकडून येणाऱ्या तोडणी टोळ्यांबरोबर त्यांची कुत्रीही येतात आणि आपल्या कुत्र्यांत मिसळतात. गावात लसीकरण असेल तेव्हा कोपीवरच्या मुकादमालाही निरोप द्यावा. आपली दहा कुत्री टोचली आणि त्यांची दोन राहिली, तर धोका तसाच राहतो.

तारीख लक्षात राहत नाही अशी सबब बरेच जण सांगतात. त्याला सोपी युक्ती आहे. बेंदराला आपण बैल धुतो, खांदमळणी करतो, शिंगे रंगवतो. त्याच आठवड्यात कुत्र्याची लस, जंताचे औषध आणि एक चांगला खरारा असे ठरवून टाकावे. बेंदूर कुणाच्या घरी विसरत नाहीत. मग लसही विसरली जाणार नाही.